वायर किती अँपिअरची?

घरी बॅटरी पॅक बांधणारा माणूस सेल निवडताना जितका चिकित्सक असतो तितकाच वायर निवडताना बेफिकीर असतो. सेलची क्षमता तो यंत्रावर मोजून घेतो, आतला रोध मिलिओहममध्ये वहीत उतरवतो, सारख्या सेलांचे गट पाडतो, पॅकवर लक्ष ठेवणारा बीएमएस कुठला घ्यावा यावर मित्रांशी हमरीतुमरीवर येतो. मग शेवटच्या संध्याकाळी, सगळे जुळून आल्यावर, खणात हाताला लागेल ती लाल आणि काळी वायर ओढून काढतो. फारच काळजी वाटली तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईतल्या लोहार चाळीत जाऊन विचारतो, ‘ही किती अँपिअरची?’ आणि दुकानदार सांगेल तो आकडा घेऊन घरी येतो. तो प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा विचारता यावा एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

१२ गेजची तांब्याची वायर घेऊ. अमेरिकी गेजप्रमाणे तिचे छेदक्षेत्र ३.३१ चौरस मिमी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या हातात वर्षानुवर्षे फिरत आलेले एक कोष्टक आहे. त्यात या वायरीपुढे दोन आकडे दिसतात. उपकरणाच्या आत मोकळी असेल तर ४१ अँपिअर, दूरवर वीज न्यायची असेल तर ९.३ अँपिअर. अमेरिकेतल्या घरांच्या भिंतींत हीच वायर २० अँपिअरच्या ब्रेकरमागे बसते. रिमोटवरची विमाने उडवणाऱ्यांना मऊ सिलिकॉनची १२ गेज वायर विकणारे तिच्यापुढे ८० किंवा त्याहूनही मोठा आकडा छापतात. तांबे तेच, जाडी तीच, आणि उत्तरे ९.३ पासून ८० पर्यंत. गंमत अशी की यांतला कोणीही खोटे बोलत नसतो.

९.३ चा आकडा लांब पल्ल्याच्या, अतिशय सावध हिशेबातून आलेला आहे. २० चा आकडा भिंतीच्या आत, हवा न लागता, पंचवीस-तीस वर्षे कोणी ढुंकूनही बघणार नाही अशा वायरीसाठी आहे. आणि ८० चा आकडा आहे वीतभर वायरीसाठी. ती वायर पंख्याच्या वाऱ्यात असते, तिचे आवरण २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि विमान चार-पाच मिनिटांत खाली उतरते. म्हणजे प्रत्येक आकड्यामागे काही अटी आहेत: वायर किती लांब, भोवती हवा किती, आवरण किती उष्णता सोसते, करंट किती वेळ वाहणार. अटी गाळून नुसता आकडा घरी आणला की तो निरुपयोगी होतो, आणि कधीकधी धोकादायकही.

या सगळ्याच्या तळाशी दोन जुने नियम आहेत. जर्मनीत गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये करंट, व्होल्टेज आणि रोध यांचे नाते मांडले. इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये दाखवून दिले की वायरीत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. शाळेत दोन्ही नियम आपण पाठ केलेले असतात, पण त्या ‘वर्ग’ शब्दाची धग हाताला लागलेली नसते. १२ गेज वायरीचा रोध मीटरला ५.२ मिलिओहम. २० अँपिअर वाहू दिले तर एका मीटरमागे २ वॅट उष्णता होते. हाताला जेमतेम कोमट लागेल. ४० अँपिअरला ८ वॅट. ८० अँपिअरला ३३ वॅट. आपल्या टेबलावरचे सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचे असते. जो ८० अँपिअरची वायर म्हणून ही एक मीटर घेऊन सायकलच्या पिशवीत कोंबतो, तो त्या पिशवीत आयर्नहून जास्त ऊब पेरत असतो. आणि तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. २० अंशांवरून ७० अंशांवर गेलेल्या वायरीचा रोध पाचव्या हिश्श्याने वाढलेला असतो. तापलेली वायर स्वतःला आणखी तापवते.

हौशी लोकांनी लक्षात ठेवावे असे सूत्र एकच. १३ वा १४ गेज कोणाच्या लक्षात राहत नाही, पण हे राहील: एक मीटर लांब आणि एक चौरस मिमी छेदाच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध २० अंशांना १७.२४ मिलिओहम. हे मूल्य १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण म्हणून ठरले आणि अजून तेच चालते. तेव्हा सतराला चौरस मिमीने भागावे, मीटरमागचे मिलिओहम हाती येतात. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी मोजायच्या असतात, हे मात्र विसरू नये. पॅकपासून कंट्रोलर एक मीटरवर असेल तर हिशेबात दोन मीटर येतात. अर्धा हिशेब करून निश्चिंत झालेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

या पुस्तिकेत उदाहरणाला आधी सायकल घेतली आहे. साध्या सायकलीला मोटर बसवण्याचा छंद गेल्या काही वर्षांत चांगला रुजला आहे. शिवाय २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या विजेच्या दुचाकीला ठरावीक अटींत नोंदणी लागत नाही, त्यामुळे प्रयोग करायला मुभा आहे. पॅक नेहमीचा, १०एस४पी. म्हणजे १८६५० आकाराचे चाळीस सेल. चार-चार समांतर जोडून असे दहा गट एकापुढे एक. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी. पॅकचे नाममात्र व्होल्टेज ३६, पूर्ण भरल्यावर ४२. कंट्रोलर चढावर १५ अँपिअरपर्यंत ओढतो असे धरू.

आता पॅकपासून कंट्रोलरपर्यंत जाऊन-येऊन दोन मीटर वायर. १८ गेज, म्हणजे ०.८२ चौरस मिमी, घेतली तर १५ अँपिअरला ०.६३ व्होल्ट वायरीत जातात आणि साडेनऊ वॅट उष्णता होते. १४ गेज, २.०८ चौरस मिमी, घेतली तर पाव व्होल्ट आणि पावणेचार वॅट. १२ गेज घेतली तर ०.१६ व्होल्ट आणि सव्वादोन वॅट. ३६ व्होल्टमधून ०.६३ गेले तरी ते पावणेदोन टक्के. तेवढ्याने सायकल थांबत नाही, पल्लाही फारसा कमी होत नाही. तेव्हा पुष्कळ जण म्हणतात, १८ गेज पुरते. नुकसानीच्या हिशेबाने खरोखर पुरते. पण ते साडेनऊ वॅट बारीक वायरीच्या दोन मीटरांत आहेत, ती वायर सीटखालच्या पिशवीत गोधडीत गुंडाळल्यासारखी बसली आहे, आणि १५ अँपिअर विमानासारखे पाच मिनिटे नाही तर दिवे घाटासारख्या चढावर कितीतरी जास्त वेळ वाहणार आहेत. शिवाय एवढी बारीक वायर हिसक्याने तुटते. माझे मत विचाराल तर इथे २.५ चौरस मिमीची लवचीक वायर घ्यावी. नुकसान वाचवायला नव्हे. उष्णता आणि हिसके सोसायला.

उलट बारा व्होल्टच्या कामात नुकसानच आधी दात दाखवते. गणपतीच्या मखराला दिवे, शेतावरचा छोटा पंप, घरच्या इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी काढून तिच्या जागी बसवलेले चार लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल, अशी ही कामे. २४० वॅट हवे असतील तर बारा व्होल्टला २० अँपिअर लागतात, ३६ व्होल्टला पावणेसातच्या आत. १.५ चौरस मिमीच्या दोन मीटर वायरीत २० अँपिअरला ०.४६ व्होल्ट आणि ९.२ वॅट जातात. तीच वायर, तेच २४० वॅट, पण ३६ व्होल्टला फक्त ०.१५ व्होल्ट आणि एक वॅट. तिप्पट व्होल्टेज, नवव्या हिश्श्याचे नुकसान. बारा व्होल्टला तो अर्धा व्होल्ट म्हणजे जवळजवळ चार टक्के. आणि इन्व्हर्टर किंवा पंप आपले व्होल्टेज स्वतःच्या तोंडाशी मोजतो, बॅटरीच्या तोंडाशी नाही. बॅटरीत अजून दम असतो, पण वायरीने अर्धा व्होल्ट खाल्लेला असतो, म्हणून यंत्र ‘बॅटरी लो’ म्हणून बंद पडते. मग दोष सेलला मिळतो. सेल बदलले जातात, वायर तशीच राहते.

वायर मागायला दुकानात जाल तेव्हा मापांचा घोळ समोर उभा राहतो. आपल्याकडे एकाच गल्लीत तीन मापे चालतात. घरच्या वायरिंगची वायर चौरस मिमीत मिळते: १, १.५, २.५, ४. वायरमन तिला ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ म्हणतो आणि ‘चौरस’ गिळतो. नवखा माणूस मग कॅलिपर लावून तिचा व्यास अडीच मिमी भरतो का ते बघतो. अडीच चौरस मिमीच्या भरीव तारेचा व्यास पावणेदोनच्या जरा वर, १.७८ मिमी असतो. जुने वायरमन अजून ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ म्हणतात. म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, २० गेजच्या सात तारा. हा गेज ब्रिटिश. मोटर गुंडाळायची इनॅमल वायरही ब्रिटिश गेजवर मिळते. आणि सिलिकॉनची वायर, बीएमएसची वायर, छंदाच्या सामानाची जवळजवळ प्रत्येक वायर अमेरिकी गेजवर. आकडा एक, माप निराळे: ब्रिटिश २० गेजची तार ०.९१४ मिमी जाड, अमेरिकी २० गेजची ०.८१२ मिमी. क्षेत्रफळात हा फरक वीस टक्क्यांहून जास्त पडतो. अमेरिकी गेजची एक सोय मात्र आहे. तीन गेज वर गेले की क्षेत्रफळ निम्मे होते, सहा गेज गेले की व्यास निम्मा. म्हणून १२ आणि १५ यांच्यात दुपटीचा फरक. या पुस्तिकेत सगळे शेवटी चौरस मिमीत आणून ठेवले आहे, कारण सतराला भागायचे असते ते त्यानेच.

तांबे खरे आहे का, हा वेगळा त्रास. स्पीकरच्या आणि गाडीतल्या ॲम्प्लिफायरच्या वायरींत, नेटवर्कच्या स्वस्त केबलींत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते. बाहेरून तांबूस, कापल्यावर आत रुपेरी. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. त्याहून वाईट म्हणजे ती थोडी वाकवाकवली की तुटते आणि सोल्डर केल्यावर सांध्याजवळ ठिसूळ होते. ब्लेडने एक तार खरवडून बघणे हा दहा सेकंदांचा उपाय आहे, पण दुकानात उभे राहून तो करायला लोक लाजतात. लाजू नये. वजनानेही कळते, सारख्या जाडीची, पण हाताला हलकी लागणारी गुंडाळी परत ठेवावी.

पॅकच्या आतली जोडणी वायरीने न करता निकेलच्या पट्टीने करतात. इथे एक मजेदार विरोधाभास आहे. निकेलचा रोध तांब्याच्या चौपट. म्हणजे जोडणीसाठी ते निकृष्टच. पण स्पॉट वेल्डरची उष्णता जिथे रोध असतो तिथे साठते, आणि तांबे ती उष्णता झटकन वाहून नेते. म्हणून निकेल पटकन जुळते आणि तांबे हौशी वेल्डरला दाद देत नाही. आपण निकेल घेतो ते त्याच्या दोषामुळेच. सेलवर थेट सोल्डर करण्याचा मोह टाळावा. सेलच्या आतला विभाजक पडदा प्लॅस्टिकचा असतो आणि १३० अंशांच्या आसपास तो बंद पडू लागतो. तापलेले आयर्न त्याच्यापासून काही मिमीवर टेकवून ठेवणे शहाणपणाचे नाही.

०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद अशी निकेलची पट्टी बाजारात सगळ्यात जास्त खपते. तिचे छेदक्षेत्र १.२ चौरस मिमी, पण ते निकेलचे. तांब्याच्या भाषेत ते ०.३ चौरस मिमीच. १०एस४पी पॅकमध्ये १५ अँपिअर चार समांतर सेलांत वाटले जातात, प्रत्येकी ३.७५. गटागटांमध्ये प्रत्येक सेलमागे एक अशा चार पट्ट्या टाकल्या तर काही अडचण नाही. दोन सेंटीमीटरच्या एका पट्टीत १६ मिलिवॅट उष्णता होते, ती कोणाला कळणारही नाही. घाईत एकच पट्टी टाकली तर तिच्यातून पूर्ण १५ अँपिअर जातात आणि तेवढ्याच दोन सेंटीमीटरांत पाव वॅट उष्णता साठते, तीही नेमकी सेलच्या डोक्यावर. गटातले सेल एकमेकांना समांतर जोडणाऱ्या पट्टीत करंट अगदी थोडा असतो. ती बारीक चालते. एका गटातून पुढच्या गटात नेणारी पट्टी मात्र सगळा भार घेते. हा भेद न कळल्यामुळे कितीतरी पॅकमध्ये जिथे पट्टी जाड हवी तिथे ती बारीक असते आणि जिथे बारीक चालली असती तिथे दुहेरी. करंट चारही सेलांतून सारखा यावा म्हणून पॅकचे धन आणि ऋण टोक समोरासमोर न काढता तिरपे काढावे, एक या कोपऱ्यातून, दुसरे त्या. जास्त करंट असेल तर निकेलच्या पट्टीवर तांब्याची जाड तार सोल्डर करावी, पण वेल्डिंगच्या आधी, सेलपासून दूर टेबलावर.

निकेल म्हणून निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी गळ्यात मारली जाते, हेही सांगायला हवे. तिचा रोध शुद्ध निकेलच्या दीड-दोनपट. चुंबक लावून फरक कळेल असे पुष्कळांना वाटते. कळत नाही, निकेलही चुंबकाला चिकटते. पट्टीचा तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात ठेवावा. लोखंड असेल तर एक-दोन दिवसांत तांबडा गंज वर येतो.

बाहेरच्या वायरीचे आवरण हा विषय सिलिकॉनने व्यापून टाकला आहे. सिलिकॉनची वायर दोरीसारखी मऊ असते, आत केसाएवढ्या तारा असतात. १२ गेजमध्ये ०.०८ मिमीच्या ६८० तारा हे नेहमीचे माप. सोल्डर करताना आवरण वितळून मागे सरत नाही. नेहमीचे पीव्हीसी ७० अंशांना दमते, सिलिकॉन २०० सोसते. म्हणून लोक ती डोळे मिटून घेतात. माझा थोडा विरोध आहे. सिलिकॉन उष्णतेला चिवट असले तरी ओरखड्याला फार कच्चे आहे, नखाने चिरते. सायकलच्या फ्रेमच्या भोकातून ती काढली आणि वर्षभर खड्ड्यांतून फिरवली तर भोकाची धार तिला आतपर्यंत कापते. पॅकच्या आत सिलिकॉन, फ्रेमवरून जाताना जाळीदार स्लीव्ह किंवा जाड पीव्हीसीची लवचीक वायर, हे मला जास्त पटते. जास्त तारा म्हणजे कमी रोध असाही एक समज आहे. डीसीमध्ये फक्त तांब्याचे एकूण क्षेत्रफळ मोजले जाते. तारा बारीक आणि पुष्कळ असल्या की वायर वाकते चांगली, थकून तुटत नाही, एवढाच त्यांचा लाभ. सायकलीवर तो मोठा आहे. तोच लाभ सोल्डर घालवते: वायरीत फार आत झिरपलेले सोल्डर तिला काडीसारखी ताठ करते आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे तारा एकेक करून तुटतात. सांध्यानंतरचा एक-दोन सेंटीमीटर भाग बांधून टाकावा, तो हलू देऊ नये.

सांध्यांबद्दल एक हिशेब पुरे. ढिल्या थिंबलचा किंवा अर्धवट सोल्डरचा रोध सहज ५ मिलिओहम भरतो. तो १४ गेजच्या साठ सेंटीमीटर वायरीएवढा आहे, पण सगळा एका ठिपक्यात. १५ अँपिअरला तिथे १.१ वॅट उष्णता, हरभऱ्याएवढ्या जागेत. जाड वायर घेऊन कच्चा सांधा करण्यापेक्षा मध्यम वायर आणि नीट दाबलेले थिंबल केव्हाही बरे. कनेक्टरवरच्या आकड्यांवरही भोळा विश्वास नको. एक्सटी-६० मधले साठ हे थोड्या वेळापुरते आहेत. सतत वाहण्यासाठी बनवणाराच ३० अँपिअर सांगतो.

इथपर्यंतचे सगळे पॅक नीट चालत असतानाचे. वायर निवडण्याचा दुसरा प्रश्न निराळा आहे: बिघाड झाला तर काय? चांगल्या १८६५० सेलचा आतला रोध ३० मिलिओहम धरला तर चार समांतर सेलांच्या गटाचा साडेसात, दहा गटांचा ७५ मिलिओहम. ४२ व्होल्टचा भरलेला पॅक थेट शॉर्ट झाला तर साडेपाचशेच्या आसपास अँपिअर वाहू शकतात. अशा वेळी वायर १२ गेजची की १४ ची याने काही फरक पडत नाही, दोन्ही जळतात. मध्ये फ्यूज हवा, आणि तो वायरीच्या रक्षणासाठी असतो, यंत्राच्या नव्हे. त्यामुळे त्याची जागा पॅकच्या धन टोकाला अगदी चिकटून. कंट्रोलरजवळ लावलेला फ्यूज मधली एक मीटर वायर उघडी टाकतो. फ्यूजचा आकडा नेहमीच्या करंटपेक्षा जास्त आणि वायर निर्धास्त सोसेल त्यापेक्षा कमी. घरच्या किटकॅटमध्ये फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणारे महाभाग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तो उद्योग इथे केला तर आधी वायर जाते, मग शेजारचा सेल.

गाडीतले रंगीत ब्लेड फ्यूज स्वस्त आणि सगळीकडे मिळणारे, म्हणून तेच वापरले जातात. त्यांच्यावर बारीक अक्षरांत ३२ व्होल्ट लिहिलेले असते. ४२ व्होल्टच्या पॅकवर ते उडाले तरी आत ठिणगी धरून राहू शकते, कारण डीसी करंट एसीसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नाही. ५८ व्होल्टचे तसेच फ्यूज मिळतात, तेच घ्यावेत. घरचा एमसीबी इथे चालवू नये, त्याचेही कारण हेच.

आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित असतात त्या बॅलन्सच्या बारीक वायरी. बीएमएस प्रत्येक गटाचे व्होल्टेज मोजतो आणि जादा भरलेल्या गटातून साधारण ५० ते १०० मिलिअँपिअर जाळून टाकतो. एवढ्याला २८ गेजही जास्त होते, म्हणून पांढऱ्या कनेक्टरबरोबर तशाच वायरी येतात. पण त्यांचे दुसरे टोक थेट सेलांवर असते, मध्ये काही नसते. विल्यम प्रीस या ब्रिटिश टपाल खात्यातल्या अभियंत्याने १८८० च्या दशकात तारा किती करंटला वितळतात याचे मापन करून सूत्र बसवले. त्याप्रमाणे मोकळ्या हवेतली ०.३२ मिमीची तांब्याची तार, म्हणजे २८ गेज, चौदा-साडेचौदा अँपिअरला वितळते. दोन बॅलन्स वायरींची आवरणे पट्टीच्या धारेवर घासून एकमेकींना लागली तर सेल शेकडो अँपिअर द्यायला तयारच असतात. वायर वितळण्याआधी तिचे आवरण पेट घेते, आणि ती सेलांच्या पोटावरून गेलेली असते. म्हणून बॅलन्स वायरी सेलांवरून नेताना मध्ये फिश पेपर आणि कॅप्टॉन टेप, पट्टीच्या धारेशी कधीही काटकोनात नाही, आणि जमल्यास प्रत्येकीत सेलजवळ एक छोटा फ्यूज. काही कारखानदार प्रत्येक सेल बारीक ॲल्युमिनियमच्या तारेने जोडतात. एखादा सेल आतून शॉर्ट झाला तर तेवढी तार वितळून तो सेल वेगळा पडतो. टेस्लाच्या गाड्यांमुळे ही रीत सगळ्यांना ठाऊक झाली. घरी ती जशीच्या तशी जमत नाही, पण तिच्यामागचा विचार घेता येतो.

२०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर देशात विजेच्या दुचाकी पेटल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या, पुण्यातूनही आली. त्यानंतर वाहनांच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. घरच्या टेबलावर बांधलेल्या पॅकला अशी कुठलीच चाचणी नसते. ती आपणच करायची. पुढच्या प्रकरणांत वायरींची कोष्टके दिली आहेत, पण त्यांचा उपयोग पहिला अंदाज बांधण्यापुरता. वायर बसवून झाली की मागचे चाक उचलून मोटर फिरवून भागत नाही, त्यात करंट फारच कमी वाहतो. खऱ्या चढावर, पूर्ण भाराने, वीस मिनिटे सायकल चालवावी आणि उतरल्या उतरल्या इन्फ्रारेड थर्मामीटर चार ठिकाणी धरावा: पॅकमधून वायर बाहेर येते तिथे, फ्यूजच्या दोन्ही पायांवर, कनेक्टरवर, आणि वायरींचा जुडगा पिशवीत सगळ्यात दाट असतो तिथे. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर चुकीचे, बहुधा कमी, तापमान दाखवतो. तिथे आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवावा. हे मेच्या दुपारी करावे, डिसेंबरच्या पहाटे नव्हे. भोवतालच्या हवेपेक्षा वीस अंशांच्या आत वाढ असेल तर तीच वायर राहू द्यावी. एकाच जागी वाढ जास्त आणि बाकी सगळीकडे कमी, असे दिसले तर वायर बदलू नये. तो सांधा उघडून पुन्हा करावा. सगळीकडे सारखीच जास्त असेल तर चौरस मिमीत एक पायरी वर जावे, आणि फ्यूज आहे तोच ठेवावा.